तीर्थाचं पाणी आणि मुलांची पोटं : कुंभकोणमच्या कारभाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
आयुक्त, कुंभकोणम महानगरपालिका; जिल्हाधिकारी, तंजावर; तसेच तमिळनाडूच्या सार्वजनिक आरोग्य आणि हिंदू धर्मादाय खात्यांचे जबाबदार अधिकारी यांस,



२०२८ मध्ये मासी या तमिळ महिन्यात तुमच्या गावी महामहम हा स्नानाचा सोहळा भरेल. मी नाशिकची. गुरू सिंह राशीत आला की आमच्याकडे गोदावरीवर सिंहस्थ भरतो, आणि गुरू सिंहेत असतानाच मासीतल्या मघा नक्षत्रावर तुमच्याकडे महामहम येतं. २०२७ च्या पावसाळ्यात आमच्या घाटांवर स्नानं होतील आणि काही महिन्यांतच तुमच्या महामहम कुंडात. दोन्हीकडे जायचं ठरवलेली घरं माझ्या ओळखीत आत्ताच आहेत. आमची गोदावरीसुद्धा महामहमच्या दिवशी इतर नद्यांबरोबर तुमच्या कुंडात येते अशी श्रद्धा आहे. कुंडाकाठच्या काशी विश्वनाथाच्या देवळात नऊ नद्यांच्या मूर्तींपुढे आमच्याकडच्या बायका गोदामाईला शोधून हात जोडतात.

पण आता यात्रा ही नुसती यात्रा राहिलेली नाही. कुंभकोणमला येणारं मराठी कुटुंब सुट्टी काढून येतं, मुलांच्या परीक्षांची तारीख बघून येतं. कुंभकोणमला मुक्काम, पहाटे गाडी ठरवून सूर्यनारकोविलपासून नवग्रहांच्या नऊ देवळांची फेरी, वाटेत दारासुरमचं ऐरावतेश्वर मंदिर, संध्याकाळी पितळेची भांडी आणि फिल्टर कॉफी. आजी-आजोबा, दोन सुना, चार नातवंडं, एखादं अंगावर पिणारं बाळ, डब्यात दशम्या आणि शंकरपाळे. मोठ्या शहरातली माणसं मुलांना वॉटर पार्कला नेतात तशीच ही आमची सहल, फक्त हिच्यात पुण्यही आहे. या माणसांच्या वतीनं, आणि मुख्यतः त्यांच्या मुलांच्या वतीनं, मी लिहिते आहे.

१८ फेब्रुवारी १९९२ तुमच्या गावात कुणी विसरलेलं नाही. त्या दिवशी महामहम कुंडावर चेंगराचेंगरीत सुमारे ५० माणसं गेली. आमच्या नाशिकमध्ये सिंहस्थात २७ ऑगस्ट २००३ रोजी तसेच ३९ जण गेले. त्यानंतर दोन्ही गावांच्या कारभाऱ्यांनी गर्दीचं शास्त्र गांभीर्यानं घेतलं. बांबूचे कठडे, एकेरी रस्ते, कॅमेरे, स्नानाच्या वेळा लांबवणं. २०१६ चं महामहम तशा कुठल्याही आपत्तीविना पार पडलं. त्याबद्दल तुमच्या लोकांचे आभार मानायलाच हवेत, आणि मी ते मनापासून मानते.

त्यातून एक सवय मात्र पडली आहे. स्नानाचा दिवस सरला, कुणी चेंगरलं नाही, कुणी बुडालं नाही, की यात्रा यशस्वी. अधिकाऱ्यांचे सत्कार होतात, मांडव उतरतात, फाइल बंद होते. आजार त्या दिवशी दिसत नाही म्हणून तो झालाच नाही असं धरलं जातं.

आजाराचं वेळापत्रक यात्रेच्या वेळापत्रकाशी जुळत नाही. उलट्या-जुलाबाचा नोरोव्हायरस बारा ते अठ्ठेचाळीस तासांत उमटतो, म्हणजे मूल आजारी पडतं ते परतीच्या रेल्वेत. कॉलरा काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत. विषमज्वराला एक ते चार आठवडे लागतात. गोवर साधारण दहा ते चौदा दिवसांनी. आणि दूषित पाण्यातून येणारी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ए, सरासरी अठ्ठावीस दिवसांनी. तोपर्यंत ते कुटुंब सोलापूरला, सांगलीला, निपाणीला पोचलेलं असतं, मुलांची शाळा सुरू झालेली असते. तुमच्या नोंदवहीत त्या मुलाचं नाव कधीच येत नाही. मी तुमच्यावर निष्काळजीपणाचा आरोप करत नाही. ज्या जागी हा आजार दिसतो ती जागा तुमच्या हद्दीत नाही, एवढंच म्हणते आहे.

आमच्या घरात हे झालेलं आहे. दक्षिणेतली देवस्थानं करून सगळे परत आले, फोटो पाहून झाले, प्रसाद वाटून झाला. पुढे केव्हातरी माझ्या नणंदेच्या मुलाला जेवण नकोसं झालं, आणि एका सकाळी खिडकीशी उजेडात त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा दिसला. डॉक्टरांनी विचारलं, बाहेरचं काही खाल्लं-प्यायलं होतं का? कुठलं सांगणार? इतकी गावं, इतके नळ, इतकी ताकं. मुलगा बरा झाला. पण ज्या कुठल्या ठिकाणी ते पाणी खराब होतं तिथल्या माणसांना हे कुणी कळवलं नाही, कारण कळवायची सोयच नव्हती. तिथे पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुणाच्या तरी मुलानं तेच पाणी प्यायलं असणार.

आता कुंडाविषयी. महामहम कुंड सहा एकरांच्या आसपास, भोवती सोळा मंडप, आणि पोटात वीसेक विहिरी, प्रत्येकीला तीर्थाचं वेगळं नाव. यात्रेकरू एकेका विहिरीचं पाणी अंगावर घेत पुढे सरकतो, मग पोट्रामरै कुंडावर जातो, मग कावेरीवर. कावेरीची गोष्ट तुम्हाला माझ्याहून चांगली ठाऊक आहे. मेट्टूर धरणाचं पाणी शिरस्त्यानं १२ जून ते २८ जानेवारी सोडतात. मासी महिन्यात नदीचं पात्र बहुधा कोरडं किंवा डबक्यांचं असतं. म्हणजे महामहमचं पाणी हे वाहतं पाणी नव्हे. ते भरलेलं, साठवलेलं पाणी आहे आणि त्यात एका दिवसात लाखो माणसं उतरतात. आरोग्याच्या दृष्टीनं तो एक प्रचंड पोहण्याचा तलाव आहे. फरक इतकाच की पोहण्याच्या तलावात उतरण्याआधी माणसाला अंघोळ करायला लावतात, आणि इथे माणूस रात्रभराचा प्रवास करून थेट पायऱ्या उतरतो.

असं पाणी क्लोरिन टाकून राखतात. पण क्लोरिन टाकणं ही एक गोष्ट आणि क्लोरिन शिल्लक असणं ही वेगळी. घाम, लघवी, अंगाला लावलेलं तेल, फुलं, हळद हे सगळं क्लोरिन खाऊन टाकतं. डोळे चुरचुरायला लागले, उग्र वास यायला लागला की लोकांना वाटतं भरपूर औषध टाकलंय. बहुतेक वेळा तो वास वापरून संपत आलेल्या क्लोरिनचा असतो. आणि शिल्लक असलं तरी प्रत्येक जंतू त्याला सारख्या वेगानं मरत नाही. पाण्याच्या लिटरमागे एक मिलिग्रॅम मोकळं क्लोरिन असेल तर ई-कोलाय मिनिटाच्या आत मरतो. हिपॅटायटिस ए च्या विषाणूला पंधरा-सोळा मिनिटं लागतात, जिआर्डियाला पाऊण तास. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जुलाब करणारा परजीवी त्याच पाण्यात दहा दिवस तग धरतो. परदेशातल्या चकाचक वॉटर पार्कमध्येसुद्धा मुलांना जुलाबाची लागण होते ती बहुतांशी याच्यामुळे. तिथे त्यावरचा एक महत्त्वाचा उपाय असा: ज्या मुलाला जुलाब होत आहेत त्याला पाण्यात उतरू द्यायचं नाही, बरं झाल्यावरही दोन आठवडे नाही. तुमच्या प्रवेशद्वारांवर ही एक सूचना मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये, हिंदीत आणि अर्थातच तमिळमध्ये लावा. पुण्य बाळाला आईच्या कडेवर, कोरड्या पायरीवरही मिळतं, हे तुमच्या गुरुक्कलांनी, म्हणजे पुजाऱ्यांनी, सांगितलं तर आमच्या आज्या ऐकतील. डॉक्टरांचं ऐकतीलच असं नाही.

आमच्या महाराष्ट्रातल्या खेड्यांत ग्रामपंचायतीचा पाणीवाला सकाळी टाकीत टीसीएल पावडर टाकतो आणि नळाला पाणी आलं की ओटी टेस्ट घेतो. काचेच्या छोट्या नळीत पाणी, वर दोन-चार थेंब औषध, आणि पाणी पिवळं झालं की क्लोरिन आहे. शेजारच्या रंगपट्टीशी तो पिवळा जुळवून पाहायचा. निरक्षर म्हातारीलाही ती नळी बघून कळतं. तुमच्याकडे याहून चांगली साधनं आहेत. माझं मागणं एवढंच की ही नळी प्रयोगशाळेतून बाहेर काढा. महामहमच्या दिवसांत कुंडाच्या चारही बाजूंना दर तासाला, लोकांच्या डोळ्यांसमोर तपासणी करा आणि आकडा फळ्यावर लिहा. खराब आला तर खराब लिहा आणि त्या बाजूचा प्रवेश तासभर थांबवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं उघड्यावरच्या स्नानासाठी मापं ठरवून दिली आहेत: शंभर मिलिलिटर पाण्यात विष्ठेतले कोलिफॉर्म ५०० पर्यंत असणं इष्ट, आणि २,५०० च्या वर कधीच नको. फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रयागराजच्या कुंभात याच मापावरून केवढा वाद झाला! मंडळानं राष्ट्रीय हरित लवादाला आकडे दिले, मग त्या आकड्यांवर दुसरे आकडे आले, आणि भाविकाला मात्र आज उतरावं की नाही हे शेवटपर्यंत कळलं नाही. लवादात पोचणारा अहवाल आमच्या कामाचा नाही. पायरीवरचा फळा आमच्या कामाचा आहे.

आणि तीर्थ फक्त अंगावर घेत नाहीत. आजी ओंजळीत पाणी घेते, स्वतः आचमन करते आणि उरलेलं नातवाच्या तोंडाशी नेते. हे कुठल्याही फलकानं थांबणार नाही, थांबावं असं म्हणण्याचा माझा अधिकारही नाही. म्हणून तुम्हीच वाट काढा. विहिरींचं पाणी गाळून, शुद्ध करून, देवळात अभिषेक करून, पायऱ्यांच्या वरच्या अंगाला पितळी पात्रांतून पळीपळीनं तीर्थ म्हणून द्या. हे तीर्थ प्यायचं, ते कुंड स्नानाचं. धर्मादाय खातं आणि आरोग्य खातं एका टेबलाशी बसलं तर हे सहज होण्यासारखं आहे.

हे सगळं मराठीत का लिहिते आहे, असं तुम्हाला वाटेल. कारण तुमच्याच जिल्ह्यात यात्रेकरूंच्या तब्येतीची जबाबदारी कारभाऱ्याची असते हे एका मराठी घराण्याच्या राजानं लिहून ठेवलेलं आहे. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे. १७९९ च्या तहानं त्यांचं राज्य कंपनी सरकारकडे गेलं, किल्ला, तनखा आणि मान तेवढे उरले. १८०१ मध्ये त्यांनी रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना एक पत्र पाठवलं. विषय राजवाड्याचा नव्हता, तनख्याचा नव्हता. रामेश्वराच्या वाटेवर त्यांच्या घराण्यानं बांधलेल्या छत्रांचा, म्हणजे यात्रेकरूंसाठीच्या धर्मशाळांचा, होता. ती छत्रं आमच्याकडेच राहू द्या, हे सांगण्यासाठी राजे तिथे काय काय चालतं ते एकेक करून मांडतात. ब्राह्मणापासून ज्यांना त्या काळी सगळ्यांत खालचे मानत तिथपर्यंत सगळ्यांना जेवण. अर्ध्या रात्री घंटा वाजवून, कुणी उपाशी राहिलंय का, अशी हाळी. तान्ह्या मुलांना दूध. छत्रात आजारी पडलेल्या वाटसरूला औषध, पथ्याचं खाणं, आणि बरा होईपर्यंत आदरानं शुश्रूषा. रोगांवर आणि विषारी दंशावर इलाज करणारे वैद्य. वाटेत बाळंत झालेल्या बाईचा खर्च छत्राचा, आणि पुढे तीन महिने राहायची मुभा.

अशा छत्रांपैकी ओरत्तनाडचं मुक्तांबाळ छत्र आजही उभं आहे. तुमच्यापैकी अनेकांनी ते पाहिलं असेल. माझ्या मनात त्या इमारतीपेक्षा ती यादी जास्त राहते. तिच्यात भाविकांची संख्या नाही, सोहळ्याचं वर्णन नाही. भुकेलं मूल, आजारी वाटसरू, बाळंतीण, एवढीच माणसं आहेत. २०२८ चा आराखडा तुम्ही कराल तेव्हा ती यादी समोर ठेवा आणि प्रत्येक ओळीपुढे आज काय आहे ते लिहा. तान्ह्यांना दूध: कुंडाजवळ आईला आडोशाला बसून पाजता येईल अशा किती जागा? पथ्याचं खाणं: मूल आजारी पडलं तर मऊ भात आणि ताजं ताक कुठे मिळेल? बरा होईपर्यंत शुश्रूषा: रात्री दोन वाजता ताप चढलेल्या मुलाला घेऊन, भाषा न येणाऱ्या बापानं कुठे जायचं?

१०८ ची रुग्णवाहिका आणि १०४ ची आरोग्य मदतवाहिनी तमिळनाडूनं चांगली चालवली आहे. पण घाबरलेला माणूस परक्या भाषेत पत्ता सांगू शकत नाही. महामहमच्या दिवसांत त्या फोनवर मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी बोलणारी माणसं बसवा. तंजावरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी घरं आहेत. त्यांच्यातली तरुण मुलं आनंदानं येतील, कुणी विचारलं तर.

आता ज्या विषयावर कुणी लिहीत नाही त्यावर मला सविस्तर लिहायचं आहे. यात्रेला निघालेली मराठी बाई पाणी पीत नाही. घरातून निघतानाच ती हात आखडता घेते, कारण पुढचं स्वच्छतागृह कुठे आणि कसं असेल हे तिला माहीत नसतं. नवग्रहांच्या फेरीत गाडीत बसून आठ-दहा तास जातात. दुपारपर्यंत ती चार घोट पाण्यावर असते, आणि हळूहळू मुलींनाही तेच शिकवते: आत्ता पिऊ नकोस, मग लागेल. संध्याकाळी डोकं धरतं, लघवीला जळजळ होते, दोन दिवसांनी ताप. यात्रेतले अर्धे आजार जंतूंनी सुरू होत नाहीत, इथून सुरू होतात असं माझं मत आहे. त्यावरचा इलाज दवाखान्यात नाही. नऊही देवळांपाशी आणि कुंडाभोवती, पाणी असलेली, कडी लागणारी, दिवा असलेली स्वच्छतागृहं हाच तो इलाज. आणि साबण. हात धुवायला नळ असतो, साबण नसतो. हाताला चोळायचं सॅनिटायझर जुलाबाच्या कित्येक जंतूंना, विशेषतः नोरोव्हायरसला, पुरेसं मारत नाही. त्याला साबण आणि वाहतं पाणीच लागतं. कोट्यवधींच्या बंदोबस्तात साबणाच्या वड्यांचा खर्च मोजायलासुद्धा लागणार नाही, पण त्या वड्या दर दोन तासांनी ठेवायला माणूस लागेल. तो माणूस नेमा आणि त्याला चांगला पगार द्या.

नवग्रहांच्या फेरीतलं तिरुनल्लार कारैकलमध्ये येतं, म्हणजे पुदुच्चेरी सरकारच्या हद्दीत. शनीच्या त्या क्षेत्री नळतीर्थात अंगाला तेल लावून लोक स्नान करतात. कुटुंब एकाच गाडीत असतं, पण जबाबदारी वाटेत बदलते. दोन्ही सरकारांनी निदान महामहमच्या काळापुरती पाण्याची तपासणी आणि रुग्णांची नोंद एकत्र करावी. दारासुरमला पोचलेल्या मुलाचं पोट कुठल्या राज्यात बिघडलं, हे त्याच्या आईला ठरवावं लागू नये.

खाण्यापिण्याबद्दल तुमच्या गावाची बाजू आधीच बरी आहे. उकळतं दूध घातलेली कॉफी, वाफेवरची इडली, केळीचं पान, आणि पेल्याला ओठ न लावता वरून पाणी पिण्याची रीत. ही रीत आमच्या मुलांना जमत नाही, अंगावर सांडतात, पण ती किती शहाणी आहे! माझी काळजी आहे ती नीर मोरच्या मांडवांची. उन्हातून आलेल्यांना दानशूर मंडळी मोठ्या भक्तीनं ताक वाटतात. ताकात पाणी कुठलं आणि बर्फ कुठला, हे कुणी विचारत नाही. बर्फ कारखान्याचा असेल तर तो मासळीच्या पेटीसाठी केलेला आहे की खाण्यासाठी, हे विचारायला हवं. मांडवाला परवानगी देताना पाण्याची आणि बर्फाची अट घाला, आणि पालिकेकडूनच क्लोरिनचं पाणी पुरवा. वीस लिटरच्या कॅनचंही तेच. कॅन परवाना असलेल्या कारखान्याचा आहे का, हे बघणारा निरीक्षक त्या दिवसांत कुंडाजवळ दिसू द्या.

मूल आजारी पडलंच तर त्याला वाचवणारी गोष्ट स्वस्त आहे. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांनी भरलेल्या बनगावच्या छावणीत सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत कालवून लोकांना द्यायला लावलं. जिथे शंभरातले तीसेक रुग्ण दगावत होते तिथे हे प्रमाण चारांच्या खाली आलं. तेच ओआरएस. एक पुडी एका लिटरमध्ये, कमी पाण्यात नाही, आणि सोबत झिंक. पण औषधाच्या दुकानात ओआरएस असं छापलेली गोड फळांची पेयं वर्षानुवर्षं विकली गेली. एका बालरोगतज्ज्ञ बाईंच्या दीर्घ लढ्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं त्या पेयांवर तो शब्द वापरायला मनाई केली. जुलाब होणाऱ्या मुलाला जास्त साखरेचं पाणी दिलं तर जुलाब वाढतात. म्हणून प्रत्येक मांडवात, प्रत्येक लॉजवर, रेल्वे स्टेशनवर खऱ्या पुड्या फुकट ठेवा, आणि एक लिटरची खूण केलेली बाटली शेजारी ठेवा. पुडी हातात आणि माप नाही, हे नेहमी घडतं.

पाण्याइतकाच हवेचा प्रश्न आहे. डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये सुट्टीला आलेल्या कुटुंबांमध्ये गोवर पसरला आणि काही आठवड्यांत त्या देशात दीडशेच्या आसपास रुग्ण सापडले. लस न घेतलेली माणसं एका ठिकाणी जमली आणि घरोघर परत गेली. आपल्याकडे गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ ते बारा महिन्यांत आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत देतात. नऊ महिन्यांच्या आतलं बाळ या गर्दीत अगदी उघडं असतं. हे सांगायचं काम आमच्या महाराष्ट्राच्या आरोग्य खात्याचंही आहे, आणि ही ओळ मी त्यांच्यासाठी लिहिते आहे. एके काळी पंढरपूरच्या यात्रेला कॉलऱ्याची लस टोचून घेतल्याशिवाय जाऊ देत नसत, असं आमची जुनी माणसं सांगतात. तशी सक्ती मला नको. पण यात्रा कंपन्यांच्या पत्रकावर, सोबत काय आणावं या यादीत, छत्री आणि टॉर्चच्या आधी मुलांच्या लसींचं कार्ड हवं.

डासांबद्दल थोडक्यात: कुंभकोणम आणि हत्तीपाय ही जोडी तुमच्या भागात पूर्वी सगळ्यांच्या तोंडी होती, आणि तो रोग मागे हटवायला तुमच्या माणसांनी किती वर्षं घाम गाळला ते तुम्हाला ठाऊक आहे. महामहमसाठी घाईनं खणलेले खड्डे आणि उघडे सोडलेले नाले ती मेहनत पुसून टाकू शकतात. कंत्राटात खड्डा खणण्याबरोबर बुजवण्याची तारीखही लिहा.

आणि आता माझी मुख्य मागणी. २०१३ च्या अलाहाबाद कुंभात आणि २०१५ च्या आमच्या नाशिकच्या सिंहस्थात, यात्रेतल्या दवाखान्यांमधल्या रुग्णांच्या नोंदी टॅबलेटवर भरून रोज कुठे कशाचे रुग्ण वाढत आहेत ते पाहण्याचे प्रयोग झाले. ते तुम्ही कराच. पण मी म्हटलं तसं, यात्रेतला बराचसा आजार यात्रेच्या दवाखान्यात येतच नाही. म्हणून येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या हातात एक कार्ड द्या. त्याच्या भाषेत. त्यावर लिहा: परतल्यावर महिन्याभरात कुणाला ताप, जुलाब, पुरळ किंवा कावीळ झाली तर डॉक्टरांना हे कार्ड दाखवा, आणि या क्रमांकावर कळवा. आमच्या जिल्ह्यातला डॉक्टर रोग सर्वेक्षणाच्या पोर्टलवर नोंद करील तेव्हा त्यात महामहमचा उल्लेख असेल, आणि ती नोंद तंजावरला दिसेल. केंद्राची ही यंत्रणा आहेच. तिला यात्रा नावाचा एक रकाना हवा आहे. मग तुम्हाला कळेल की उत्तरेच्या पायऱ्यांवरून उतरलेल्यांमध्ये जास्त आजारी पडले की एखाद्या मांडवातलं ताक प्यायलेले. पुढच्या वेळी काय बदलायचं ते अंदाजानं ठरवावं लागणार नाही.

कायदा तुमच्या बाजूनं आहे. १९३९ चा मद्रास सार्वजनिक आरोग्य कायदा अजून तुमच्याकडे लागू आहे, आणि जत्रा-उत्सवांसाठी त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. पाणी, स्वच्छता, अन्नाची तपासणी यांचे अधिकार त्यानं तुम्हाला दिले आहेत. आणि कायद्यापलीकडे तुमचा स्वतःचा अनुभवही आहे: १६ जुलै २००४ ला, त्या वर्षीच्या महामहमनंतर काही महिन्यांतच, तुमच्या गावातल्या शाळेच्या आगीत ९४ मुलं गेली. मुलांच्या सुरक्षिततेबद्दल कुंभकोणमला काही शिकवावं असा माझा हेतू नाही. जे गाव ते दुःख सोसून आहे ते हे पत्र इतर कुणापेक्षा लवकर समजून घेईल, असा माझा विश्वास आहे.

रंगीत तालीम घ्यायला २०२८ ची वाट पाहू नका. मासी मघम दर वर्षी येतं आणि तेव्हाही लोक कुंडात उतरतात. २०२७ च्या मासी मघमला फळा, तीर्थाची पळी, ओआरएसची बाटली आणि घरी न्यायचं कार्ड या चार गोष्टी करून बघा, आणि काय जमलं, काय नाही ते जाहीर करा. महामहमच्या वर्षी रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी सुरू होईल आणि आमच्याकडच्या घरांमध्ये त्या सकाळी बाप मोबाइल घेऊन बसतील. त्याच्या आठवडाभर आधी कुंडाच्या पाण्याचा अहवाल, स्वच्छतागृहांची यादी आणि मराठी बोलणाऱ्या मदतवाहिनीचा क्रमांक छापून यायला हवा. किती तिकिटं काढायची आणि बाळाला बरोबर न्यायचं की आजोळी ठेवायचं, हे त्यावरून घरोघरी ठरेल.

आपली,
नाशिकची एक यात्रेकरू